उलट्या वर्षाचं कुंपण

एवारिस्तो दुत्रानं घातलेलं कुंपण ओळखायला आमच्या खोऱ्यात पाटी लागत नसे. कोपऱ्यातल्या खांबाशी उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. समोर एकच खांब दिसला तर ते दुत्राचं. बाकीचे सगळे त्या एकाच्या पाठीमागे गप उभे असायचे. इतरांच्या कुंपणात एखादा तरी मान बाहेर काढून बघतोच.

सरळ रेषेचं त्याला वेडच होतं. चर्चमधला बाक तिरका दिसला की प्रार्थना राहिली बाजूला, हा आधी बाक सरळ करणार. कुणाकडे जेवायला गेला तरी भिंतीवरची तसबीर नीट केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्याची बायको फिलोमेना म्हणायची, "हा माणूस स्वर्गाच्या दारात पोचला ना, तर आत जायच्या आधी फाटकाच्या बिजागऱ्या तपासेल. सेंट पीटर बिचारा किल्ल्या घेऊन ताटकळेल."

हे वेड त्याला लावलं जेर्वासियोनं, थोरल्या भावानं. फायाल बेटावर जेर्वासियो दगडी बांध रचायचा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि शंभर वर्षं हलायची टाप नाही. एवारिस्तो त्याच्या हाताखाली वाढला. जेर्वासियोच्या तोंडून कौतुक कधी निघालं नाही. धाकट्याचा बांध बघून तो एवढंच म्हणायचा, "शेळीनं आखलाय वाटतं." दुसऱ्या दिवशी एवारिस्तो तो सगळा बांध पाडायचा आणि पुन्हा रचायचा.

मग सत्तावन सालच्या सप्टेंबरात बेटाच्या टोकाशी समुद्रच पेटला. तेरा महिने राख पडत होती. जमीन हादरायची, गडगडायची, छपरं राखेच्या भारानं खाली यायची. दुत्रांचं घर गेलं, द्राक्षांचे मळे गेले, जेर्वासियोचे बांध राखेत बुडाले. अमेरिकेनं बेटावरच्या लोकांना दार उघडलं तेव्हा नवं लग्न झालेला एवारिस्तो फिलोमेनाला घेऊन कॅलिफोर्नियाला निघाला. जेर्वासियो मागे राहिला. बंदरावर तो म्हणाला, "जा. तिकडची जमीन तरी जागेवर राहते म्हणतात."

आता ह्याला काय म्हणावं? अख्ख्या कॅलिफोर्नियात जागा काय कमी होती? पण एवारिस्तो येऊन उतरला तो हॉलिस्टरच्या दक्षिणेला, टॅल्बटबाईंच्या गुरांच्या कुरणावर.

तिथे बांध रचायला दगड नव्हते, म्हणून त्यानं खांब रोवायला घेतले. एकसष्ट साली टॅल्बटबाईंसाठी त्यानं इथलं पहिलं कुंपण घातलं. खालच्या कुरणात, मोठ्या ओकपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, रेडवुडचे चाळीस खांब. विनिफ्रेड टॅल्बट म्हणजे उंच, हाडकुळी, नवऱ्याच्या माघारी चारशे गुरं सांभाळणारी बाई. तिनं एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "एवारिस्तो, ह्यावरून तर मी माझी शिवण सरळ करीन." त्या एका कुंपणावर त्याला पुढची तीस वर्षं कामं मिळाली.

आणि तेच कुंपण वाकलं.

चार वर्षांनी त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. अलीकडचे वीस खांब एका रेषेत, पलीकडचे वीस एका रेषेत, पण मधे कुठेतरी पलीकडची रांग उजवीकडे सरकलेली. चार बोटं असेल. पुढच्या वर्षी पाच. नंतर सहा. एवारिस्तोनं बैलांवर संशय घेतला. खांब पुरेसे खोल गेले नाहीत म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. खोऱ्यातले लोक त्याला सांगत, "अरे, तिथून ती भेग जाते. जमीन चालते तिथे!" आणि हसत. एवारिस्तोला वाटे, चेष्टा चाललीय.

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. जमीन हलते म्हणजे काय, हे ह्या खोऱ्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जमीन हलली की कुत्री रडतात, भांडी पडतात, आभाळ काळं होतं. त्यानं ते तेरा महिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हे लोक सांगतात, जमीन हलते, पण कुणाचा पेलासुद्धा हिंदकळत नाही? "ते सगळे मला सांभाळून घेतायत," तो फिलोमेनाला म्हणायचा. "दुत्रानं पहिलं कुंपण वाकडं घातलं, असं तोंडावर कसं म्हणणार, म्हणून जमिनीचं नाव."

एकाहत्तर सालापासून तिथे एक मुलगी यायला लागली. बुटकी, उन्हानं रापलेली, डोक्यावर बापाची जुनी हॅट. वर्षातून दोनदा यायची, अलीकडच्या खांबांवरून नजर लावायची, पलीकडच्या पहिल्या खांबापर्यंत टेप धरायची आणि वहीत काहीतरी लिहायची. त्या खांबावर तिनं पांढऱ्या रंगाचा ठिपकाही दिला होता. ती दिसली की एवारिस्तो ट्रक लांबूनच वळवायचा.

"सरकारी बाई आहे," तो म्हणायचा. "माझा वाकडेपणा मोजून नेते."

"मग जाऊन विचार की तिला, माणसा!"

"चोरानं पोलिसाला विचारायचं होय, काय लिहिलंस म्हणून?"

असं करता करता बावीस वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ती मुलगी विद्यापीठातली भूगर्भशास्त्राची शिकाऊ होती, पुढे डॉक्टर सुमिको इनाबा झाली, वॉटसनव्हिलला तिच्या आईबापांची स्ट्रॉबेरीची शेती होती, हे सगळं खोऱ्यातल्या पोराटोरांना माहीत होतं. एवारिस्तोला नव्हतं. शरमेनं माणूस बहिरा होतो, तसा तो झाला होता.

शहात्तर साली जेर्वासियोचं पत्र आलं. पवित्र आत्म्याच्या सणाला येतोय, तुझी कुंपणं बघायचीत, त्यातही पहिलं.

त्या वेळी कुंपणाचा बाक फूटभर झाला होता. एवारिस्तोचं जेवण तुटलं. सोळा वर्षांत भाऊ एकदा येणार, आणि त्याला काय दाखवायचं, शेळीनं आखलेलं? हाताशी दोन दिवस होते. फिलोमेनानं दोरीचं टोक धरलं, ह्यानं पहार घेतली. सगळं सरळ करणं तर शक्यच नव्हतं, म्हणून मधले अकरा खांब निवडले. प्रत्येकाचा खड्डा एका बाजूनं खरवडून मोठा केला, खांब तिकडे रेटला आणि दुसऱ्या बाजूची पोकळी ओढ्यातल्या गोट्यांनी ठासून भरली. बेटावरची सवय ती. पोकळी कधी रिकामी सोडायची नाही, गुरांचा पाय जातो. बाक गेला नाही, पण पसरला. थकलेल्या डोळ्याला फसवेल इतका.

जेर्वासियो आला. कोपऱ्यातल्या खांबाशी बसला, एक डोळा मिटला. बराच वेळ बसला. मग गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, "सरळ आहे."

एवढेच दोन शब्द. एवारिस्तो ट्रकमागे गेला आणि रुमालानं डोळे पुसून आला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते कानांनी ऐकलं होतं, आणि ते खोट्या कुंपणाला मिळालं होतं. हे दोन शब्द पुढे सतरा वर्षं त्याला आनंदही देत राहिले आणि टोचतही राहिले. फिलोमेना सोडून कुणाला त्यानं हे सांगितलं नाही.

त्र्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. टॅल्बटबाईंचा फोन आला. "एवारिस्तो, ह्या शनिवारी तुझं पहिलं कुंपण बघायला देशोदेशीचे लोक येणार आहेत. दोन बस भरून. मी बहिणीकडे सॅलिनासला चाललेय, शुक्रवारी संध्याकाळी परत येते. गवत तेवढं कापून ठेव."

बाईंनी तेवढं बोलून फोन ठेवला आणि हा रिसीव्हर हातात धरून उभा.

"काय झालं?" फिलोमेनानं विचारलं.

"पाहुणे येणार. कुंपण बघायला."

"कुठलं?"

"तेच."

फिलोमेनानं ॲप्रन काढला. बेटावर पाहुणा यायचा म्हणजे घराला चुना लागतो, अंगणातला दगडन् दगड जागेवर येतो. इथे तर परदेशातून माणसं येणार होती, आणि ती येणार होती नवऱ्याचं काम बघायला. "दोरी कुठे ठेवलीस?" तिनं विचारलं.

साठ वर्षांचा तो आणि सत्तावन वर्षांची ती. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला. चार दिवस खपले दोघं. बाक आता दोन फुटांचा झाला होता, म्हणून ह्या वेळी सोडायचं काही नाही, असं एवारिस्तोनं ठरवलंच होतं. कोपऱ्यातले दोन सोडून सगळे खांब उपटले. दोरी ताणली, नवे खड्डे घेतले, तेच खांब त्याच क्रमानं पुन्हा रोवले. पांढऱ्या ठिपक्याचा खांबसुद्धा. जुने खड्डे भरायला ओढ्यापर्यंत जायचं त्राण नव्हतं, म्हणून टॅल्बटबाईंच्या पडलेल्या धुराड्याच्या लाल विटा फोडून घातल्या. शुक्रवारी दुपारी शेवटची तार ताणून झाली. कोपऱ्याशी बसून त्यानं एक डोळा मिटला. समोर एकच खांब.

"बाई," तो फिलोमेनाला म्हणाला, "आता जेर्वासियोला बोलवावं."

शनिवारी सकाळी फिलोमेनानं गोड पावाचे बारा गोळे भाजले. एवारिस्तोनं सणाचा काळा कोट घातला आणि ओकखाली उभा राहिला. बस आल्या. चाळीस-एक माणसं उतरली, कॅमेरे, वह्या, पायांत जाड बूट. पुढे ती हॅटवाली बाई. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. ती लोकांकडे तोंड करून, पाठीमागे चालत, हात पसरून सांगत होती. "बावीस वर्षं मी हे मोजतेय. असा स्पष्ट बाक तुम्हाला दुसरीकडे कुठेही बघायला मिळणार नाही. बघा!"

आणि ती वळली.

वारा होता, गवत हलत होतं आणि कुंपण दोरीसारखं सरळ डोंगराला जाऊन भिडलं होतं. मागून एक चष्मेवाला जाडा गृहस्थ आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना.

"एवारिस्तो!" टॅल्बटबाई ओरडल्या. "काय केलंस हे?"

"सरळ केलं," एवारिस्तो म्हणाला. कौतुकाची वाट बघत तो अजून ताठ उभा होता. लोकांची तोंडं बघून हळूहळू त्याचे खांदे उतरले.

डॉक्टर इनाबा गवतात बसली. रडली नाही, चिडली नाही. वही मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मग कुणीतरी पुढे होऊन विचारलं, बहुधा तिला बोलतं करावं म्हणून, "आणि ते तुमचं उलटं वर्ष? ते दाखवणार होता ना?"

"हो," ती म्हणाली. "तेच सांगायला तुम्हाला इथे आणलं होतं." तिनं वही उघडली. "जमीन इथे वर्षाला बोटभर सरकते. कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, पण पुढेच. फक्त एका वर्षी, शहात्तर साली, चार बोटं मागे आली. माझे सर म्हणाले, तू चुकीचं मोजलंस, खोडून टाक. मी तीनदा मोजलं होतं. मी नाही खोडलं. तेव्हापासून सगळे त्याला इनाबाचं उलटं वर्ष म्हणतात. परिषदेत लोक चहा पिताना मला विचारतात, यंदा जमीन कुठल्या दिशेला?" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "जमीन मागे का गेली, मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता तर बघायलाही काही उरलं नाही."

शहात्तर हा आकडा एवारिस्तोला कळला. फिलोमेनाच्या कोपरानं त्याच्या बरगडीत ढोसलं.

"सांग," ती पुटपुटली.

"गप बस."

"सांग, माणसा. ती पोर सतरा वर्षं तुझं पाप डोक्यावर घेऊन फिरतेय."

एवारिस्तोनं टोपी काढली. सांगितलं तर काय जाणार होतं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. कुंपण नव्हे, कुंपण तर गेलंच होतं. जाणार होते ते दोन शब्द. चाळीस माणसांसमोर एकदा बोललं की खोऱ्यात पसरायला दुपारही लागली नसती, आणि खोऱ्यातून बेटावर दर आठवड्याला पत्रं जात होती. तो पुढे झाला.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "जमीन मागे नाही गेली. मी गेलो."

तिनं वर पाहिलं.

"शहात्तर साली माझा भाऊ येणार होता. त्याला वाकडं दिसू नये म्हणून आम्ही दोघांनी अकरा खांब रेटले. तुमच्या ठिपक्याचाही. तुमचं मोजणं बरोबर होतं. लबाडी माझी होती."

इनाबा उठून उभी राहिली. "तुम्ही?" ती म्हणाली. आणि मग एकदम, "किती? किती रेटलात?"

"मोजलं कुणी होतं तेव्हा? घाई होती. पण दाखवता येईल. मी पोकळी रिकामी सोडत नाही."

तिथून पुढे जे झालं ते बघायला आम्ही सगळे तिथे हवे होतो. देशोदेशीची शहाणी माणसं कोट काढून, गुडघे टेकून एका जुन्या खड्ड्याभोवती बसली, आणि सणाच्या कोटातला एवारिस्तो खुरपीनं माती काढतोय. आधी लाल विटा लागल्या. "ह्या परवाच्या," तो म्हणाला. विटा काढल्या तशी जुन्या खांबाची गोल जागा मोकळी झाली. तिच्या एका बाजूला, मातीत घट्ट रुतून, ओढ्यातल्या करड्या गोट्यांचा पट्टा उभा होता. सतरा वर्षांत एक गोटा निसटला नव्हता.

"हे शहात्तरचे. खांब आधी इथे होता, जिथे गोटे आहेत. तिथून इकडे रेटला." त्यानं गोट्यांच्या पट्ट्यावर आपला पंजा आडवा ठेवला. चार बोटं आणि वर अंगठा. पट्टा बरोबर पंजाएवढा भरला.

एवारिस्तोचा चेहरा पडला. "पाच आहेत," तो म्हणाला. "तुमची चार. जमत नाही, बाई. बहुतेक—"

"जमतंय!" डॉक्टर इनाबा इतक्या जोरात ओरडली की पलीकडची गुरं दचकली. "पाच तुम्ही मागे नेलीत, आणि त्या वर्षात एक जमीन पुढे गेली. माझ्या वहीत राहिली चार!" आणि तिनं त्या मातीनं भरलेल्या म्हाताऱ्याला मिठी मारली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. सतरा वर्षं जी बाई चहाच्या वेळी लोकांची चेष्टा ऐकत होती, तिचा आकडा एका खड्ड्यात जसाच्या तसा सापडला होता.

तो चष्मेवाला जाडा गृहस्थ तुर्कस्तानचा होता. एवारिस्तोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आमच्याकडेही अशीच भेग आहे. माझ्या सासऱ्यानं अंगणाची भिंत तीनदा सरळ केली. तिसऱ्यांदा गवंड्यालाच दम दिला!" मग सगळेच हसले. गोड पाव फिरला. बारा गोळे पुरले नाहीत.

पाहुणे जेवायला गेले तरी इनाबा थांबली. एवारिस्तोला घेऊन ती कुंपणापासून शंभर पावलांवरच्या ओढ्यापाशी गेली. ओढा डोंगरातून सरळ खाली येत होता, मग एकाएकी उजवीकडे वळून बरंच अंतर आडवा चालला होता आणि मग पुन्हा वळून सरळ नदीकडे उतरला होता. एवारिस्तोनं हे वळण हजारदा पाहिलं होतं.

"तुमच्या कुंपणाचा बाक आठवतो?" तिनं विचारलं.

त्यानं ओढ्याकडे पाहिलं. मग मागे वळून कुंपणाकडे. मग पुन्हा ओढ्याकडे. "तोच," तो हळूच म्हणाला. "तोच बाक. नुसता मोठा."

"कुंपण बत्तीस वर्षांचं. ओढा काही हजार वर्षांचा. त्याला कुणी सरळ केलं नाही." ती खाली बसली आणि दोन्ही तळहात एकमेकांना टेकवून विरुद्ध दिशांना सरकवले. "तुमचा ट्रक उभा आहे ना, तिथून पुढे समुद्रापर्यंतचा भाग आणि समुद्राचा तळ हा एक तुकडा. आपण बसलोय तो दुसरा, ह्यावर बाकीची सगळी अमेरिका. हे दोन ना एकमेकांवर आदळत, ना लांब जात. बोळातून दोन माणसं खांदे घासत जातात, तसे जातात. इथली गुरं पाणी पितात ते तळंही ह्या रेषेवर आहे, खालचं पाणी इथे अडून वर येतं. टेकड्यांच्या मधली ही सरळ दरी त्यांनीच घासून काढलीय."

"आवाज नाही?" एवारिस्तोनं विचारलं. "राख नाही?"

"इथे नाही. उत्तरेला आणि दक्षिणेला ते अडकून बसलेत. तिथे एक दिवस सुटतील तेव्हा आवाज होईल. इथे रोज थोडं सरकतं, म्हणून इथे साचत नाही. आत्ताही सरकत असेल."

एवारिस्तोनं जमिनीवर तळहात टेकला. काहीच कळलं नाही. गवत थंड होतं. बत्तीस वर्षं तो स्वतःच्या हाताला दोष देत आला होता, आणि हात बरोबर होता. त्याला इतकं हलकं वाटलं की तो बराच वेळ उठलाच नाही.

"आता ह्या कुंपणाचं काय करायचं?" त्यानं अखेरीस विचारलं. "परत वाकडं करून देऊ?"

"देवासाठी नको!" इनाबा हसली. "आज ते सरळ आहे, हे चाळीस जणांनी पाहिलंय. आजपासून पुन्हा मोजू. फक्त एक वचन द्या, मिस्टर दुत्रा. पुन्हा हात लावायचा नाही."

त्यानं वचन दिलं, पण सोपं गेलं नाही त्याला. दर सणाच्या आधी, जेव्हा सगळं खोरं घरं रंगवत असे, तेव्हा फिलोमेना पहारीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली पोलक्यात ठेवायची. त्याऐवजी इनाबानं त्याला टेप आणि वही दिली. वर्षातून दोनदा तो स्वतः मोजायला लागला. पहिल्या वर्षी बोटभर बाक दिसला तेव्हा त्यानं रात्रीच्या जेवणाला वाइनची बाटली उघडली.

शहाण्णव साली जेर्वासियो पुन्हा आला. ऐंशीच्या जवळ पोचलेला, हातात काठी, आणि जीभ तशीच तिखट. विमानतळावरच म्हणाला, "म्हातारा झालास." सभागृहात पवित्र आत्म्याच्या सणाचं जेवण शिजत होतं. मोठ्या पातेल्यांतून पुदिन्याचा आणि मटणाच्या रश्शाचा वास येत होता. पण एवारिस्तो भावाला आधी खालच्या कुरणात घेऊन गेला.

"बस," तो म्हणाला. "बघ."

जेर्वासियो काठी टेकत बसला. एक डोळा मिटला. "वाकडं आहे," तो म्हणाला.

"तीन बोटं. बरोबर." एवारिस्तो त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "आणि दादा, तू मागे आलास तेव्हाही वाकडं होतं. मी आणि फिलोमेनानं दोन दिवस आधी खांब रेटून ठेवले होते. तू सरळ आहे म्हणालास ते... तुला फसवलं मी."

जेर्वासियोनं वळूनही पाहिलं नाही. "माहीत आहे मला."

"कोणी लिहिलं?"

"कोण लिहितंय? मी बांध रचणारा माणूस. अकरा खांबांच्या बुडाशी ओली माती, फिलोमेनाच्या हातांवर फोड, आणि तू उभा असा की जणू फाशीचा निकाल ऐकायला आलायस. दोन दिवस तुम्ही दोघं माझ्यासाठी राबलात. मग काय, वाकडं म्हणायचं होतं मी?"

थोरला भाऊ आपल्यावर इतकी माया करतो, हे एवारिस्तोला त्रेसष्टाव्या वर्षी, एका वाकड्या कुंपणाशी कळलं.

जेर्वासियोनं मात्र त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो काठीच्या आधारानं उठला, पन्नास पावलं चालत बाकाच्या पलीकडे गेला आणि तिथे पुन्हा बसला. दुसऱ्या अर्ध्या रांगेवर त्यानं डोळा लावला. मग परत आला, पहिल्या अर्ध्या रांगेवर लावला. दगड पारखतात तसा सावकाश.

"ही बाजू सरळ आहे," तो म्हणाला. "आणि ती बाजूही सरळ आहे. मधलं तुझं नाही."

"नाही," एवारिस्तो म्हणाला. "मधलं माझं नाही."

लांबून फिलोमेना ट्रकचा भोंगा वाजवत होती. रस्सा निवत होता. दोघं भाऊ उठले आणि जेवायला गेले.